आधी गाडीखाली झोपा

मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. गोणपाट अंथरलं, त्यावर उताणे झाले आणि एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी घेऊन सरकत सरकत पिकअपच्या खाली गेले. आम्ही दोघं भाऊ बाहेर उकिडवे बसून ऐकत होतो. ठण्, ठण्, ठण्. चासीच्या लोखंडावर हातोडी पडली की घंटेसारखा स्वच्छ आवाज येत होता. मागच्या डाव्या चाकाजवळ, पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) टोक जिथे चासीला लटकतं तिथे, आवाज एकदम बदलला. बद्द. पुन्हा बद्द. आणि तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा मिस्त्रींच्या छातीवर पडला.

"दादा, इंजिनाचं मागाहून बघू," ते खालूनच म्हणाले. "आधी हिची हाडं बघा."

महिंद्राची ही पिकअप माझ्या चुलतभावाने दीड लाखाला घेतली होती. गाडी अकरा वर्षांची. कोकणातल्या तळा गावात त्याची थोडी आंब्याची कलमं आहेत, भात कापल्यावर तो वाल लावतो. माल इंदापूर-माणगावला न्यायचा म्हणजे दरवेळी दुसऱ्याच्या गाडीची वाट बघायची आणि भाडं मोजायचं, याला तो कंटाळला होता. घेण्याआधी आम्ही इंजिन चालू करून पाहिलं होतं, धूर पाहिला होता, तळगडाच्या पायथ्यापासून एक फेरीही मारली होती. गाडी छान पळाली. खाली मात्र कुणीच वाकलं नव्हतं. ती रस्त्यावर आणेपर्यंत जवळजवळ तेवढाच पैसा पुन्हा गेला, आणि त्यातला मोठा वाटा आम्ही न बघितलेल्या भागात गेला.

आपल्या किनाऱ्यावर जुनी गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. तळा समुद्रकाठी नाही, पण मांदाडची खाडी जवळच आहे. कुडा लेण्यांपाशी उभं राहिलं की तीच खाडी खाली पसरलेली दिसते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वाऱ्यात खार. साध्या पाण्यानेही लोखंड गंजतंच, पण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्या ओलीतून वीज सहज वाहते आणि गंजण्याची रासायनिक क्रिया कितीतरी वेगाने होते. त्यातच चासीच्या पोटात लाल माती जाऊन बसते. ती माती स्पंजासारखी ओल धरते, बाहेर लख्ख ऊन पडलं तरी आतून सुकत नाही. गाडी मासळीच्या धंद्यातली असेल तर विचारूच नका. मुरुड, दिघी, आगरदांड्याकडून म्हावरं भरून येणाऱ्या गाडीच्या हौद्यातून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी वाटभर गळत असतं. ते फाळक्याच्या फटीतून उतरतं आणि मागच्या पाट्यांच्या जोडावर, आडव्या पट्ट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर साचतं. आमच्या गाडीच्या हौद्याच्या कोपऱ्यात माशाचे दोन वाळके खवले चिकटलेले सापडले, तेव्हा तिचा पूर्वेतिहास आम्हाला कळला.

सडलेल्या चासीवर नुसती पट्टी ठोकून, वर काळा रंग मारून गाडी विकणारे पुष्कळ आहेत. पिकअपचा सगळा भार चासीच्या दोन लांब पन्हाळींवर असतो. टन-सव्वा टन माल भरून गाडी खड्ड्यात आदळली की तो धक्का पाट्यातून थेट तिथे पोचतो. मिस्त्रींनी काम कसं केलं ते सांगतो, कारण हे बघून घेण्यासारखं आहे. आधी बॅटरीच्या तारा सोडवल्या, नाहीतर वेल्डिंगचा करंट उलटा शिरून डायनामो जळतो. मग सडका भाग ग्राइंडरने कापत गेले, चांगलं चकचकीत लोखंड लागेपर्यंत. आमच्या अंदाजाच्या दुप्पट कापावं लागलं. नवी पट्टी चासीच्याच जाडीची घेतली आणि तिची टोकं सरळ न कापता माशाच्या तोंडासारखी निमुळती केली. सरळ टोकाच्या पट्टीला वेल्डिंगची आडवी रेघ येते, सगळा ताण तिच्यावर एकवटतो आणि पुढची चीर नेमकी तिथूनच जाते. निमुळत्या टोकामुळे ताण पसरतो. शेवटी तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात सुकवून मग प्राइमर. मीठ आत राहिलं तर रंगाखाली गंज चालूच राहतो. चासीला कारखान्यातच ठेवलेली पाणी निघून जायची भोकं बुजली होती, तीही तारेने मोकळी केली.

पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. ऑइलाने पाणी अडतं हे खरं, पण पाट्यांचे रबरी बुश फुगून खराब होतात, ब्रेकच्या लायनिंगवर थेंब गेला तर ब्रेक धरत नाही, आणि उरलेलं सगळं पहिल्या पावसात धुऊन शेतात, विहिरीत उतरतं. त्यापेक्षा चासीला लावायचं मेणाचं कोटिंग घ्यावं. मासळी किंवा मीठ वाहिलं की त्याच संध्याकाळी खालून गोडं पाणी मारावं. एवढ्याने गाडीचं आयुष्य खूप वाढतं.

चासीनंतर ब्रेक. गाडी बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक आहे. तसंच दाबून ठेवल्यावर ते हळूहळू जमिनीकडे जात राहिलं तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले असतात. ब्रेक ऑइलाकडे तर कुणी बघतच नाही. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. भरलेली पिकअप ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना सतत ब्रेक धरला की ते उकळतं, नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल एकदम मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हे या साऱ्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

इंजिनाचं मात्र थोडक्यात आटोपलं. २,५२३ सीसीचं चार सिलिंडरचं हे डिझेल इंजिन साध्या बांधणीचं आहे, आणि साधी माणसं बोलतात तसं ते धुरातून बोलतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर आणि नोझल बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. आमची काळा धूर टाकत होती. नोझल साफ करून पंपाचं सेटिंग केलं, भागलं.

सुट्या भागांसाठी फार हिंडावं लागलं नाही, आणि यामागे आपल्याच राज्याचा इतिहास आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. जर्मन सहकार्याने निघालेल्या त्यांच्या तीनचाकीवरचं 'टेम्पो' हे नाव मराठीत असं मुरलं की आज कुठल्याही मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. टाटांची एस २००५ साली आली आणि 'छोटा हत्ती' झाली. या गाड्या आपल्या वस्तीत वाढल्या. म्हणून त्यांचा बुश, बेअरिंग, क्लच प्लेट माणगाव-महाडला मिळते, तिथे नाही मिळालं तर पनवेलला, आणि दुर्मीळ जुना भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात. ज्या गाडीचे भाग असे हाताशी नाहीत ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदांची डागडुजी गाडीइतकीच महत्त्वाची. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि गाडी जुनी होत जाईल तशी त्याची फीही वाढत जाते. आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा असेल तर आधी त्यांचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, मग पैसे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं, कर, विमा हे सगळं व्यवहाराआधी गाडीच्या नंबरावरून तपासता येतं. आपल्या एमएच-०६ गाड्यांचं कार्यालय पेणला आहे. नाव चढवायची ती एक फेरी 'नंतर बघू' म्हणून टाळली तर अपघातानंतर पोलीस विकणाऱ्याच्या दारात येतात, कारण कागदावर मालक जुनाच असतो.

आणखी एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण गाळ लपत नाही. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा, सीटखालच्या रुळांत, डॅशबोर्डच्या मागे वायरींच्या जुडग्यात बोट फिरवा. बारीक चिकट माती लागली तर किंमत न विचारता परत या.

भावाची पिकअप आता धावते आहे. रंग अजून दिला नाही, तो सर्वांत शेवटी. तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल तर अंगात जुने कपडे घाला, सोबत एक गोणपाट, एक बॅटरी आणि छोटी हातोडी घ्या, आणि मालकाने किल्ली पुढे केली तरी आधी गाडीखाली झोपा.