पटलं की नाही पटलं

सिनेमा, मालिका आणि गाण्याचे कार्यक्रम यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत जेवढं छापून येतं, त्याच्या कितीतरी पट चहाच्या टपरीवर, एसटीत आणि जेवणाच्या ताटावर बोललं जातं. हे बोलणं त्रोटक असतं. ‘लय भारी’, ‘पैसे वसूल’, ‘नुसतं पाणी घातलंय’ एवढ्यात निकाल लागतो. पण त्यामागे कसोटी असते, आणि बहुतेक वेळा ती एकच: समोरचं माणूस खरं वाटतं का.

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या ऊस-केळीच्या गावात ही कसोटी आधी लागते ती बोलीला. नायक शेतकरी, पण भाषा पेठेतली, अंगावरचं धोतर परीटघडीचं आणि बैलाची वेसण धरताना हात अवघडलेला, की तो पहिल्या पाच मिनिटांतच बाद. मराठवाडी बोलीला रंगमंचावर मान मिळाला तो १९७९ पासून, लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगामुळे. सिनेमात ती मकरंद अनासपुरे यांनी रुजवली. मालिकांची गोष्ट वेगळी, आणि तिचा संबंध टीआरपीशी आहे.

टीआरपी मोजणारं मीटर निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाला एक बटण ठरवून दिलेलं असतं. समोर बसलं की ते दाबायचं. बरीच वर्षं ही मोजणी शहरांपुरतीच होती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांचे आकडे देणं सुरू केलं, तेव्हा कुठे खेड्यातला प्रेक्षक हिशेबात आला. पुढच्याच वर्षी झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपुरी राधिका आणि ‘तुझ्यात जीव रंगला’मधला कोल्हापुरी राणा आला, २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ने सातारा गाठला. याला निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र अजूनही बहुधा हसवणारी दुय्यम पात्रंच येतात, ही इकडची तक्रार खोटी नाही.

मीटरला एक गोष्ट कळत नाही. शिव्या घालत पाहिलेली मालिका आणि जीव लावून पाहिलेली मालिका त्याला सारखीच. ‘कधी संपवतात कुणास ठाऊक’ असं रोज म्हणत रोज पाहणारं घर मालिका चालूच ठेवतं. ताणलेल्या कथानकांचं गुपित बरंचसं इथं आहे.

सिनेमाचं तसं नाही. तिथं मताला तिकीट काढावं लागतं. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने हे दाखवून दिलं. ‘झिंगाट’ सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायचे, आणि शेवटच्या दृश्यानंतर तेच लोक गप्प बाहेर पडायचे. या सिनेमाच्या संगीताचा काही भाग अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला होता. नाचणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ठेका आपल्या वरातीतला आहे, एवढं पुरे. २०१८ मध्ये ‘सैराट’चाच हिंदी अवतार ‘धडक’ आला, संगीत त्याच जोडीचं, पण ‘ती मजा नाही’ हे मत मराठी मुलखात सरसकट ऐकू आलं.

गाण्याच्या स्पर्धांनी या सहज मतांना मतपेटी दिली. २००५ मध्ये अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तो एसएमएसच्या जोरावर. मराठीत खरी रणधुमाळी माजली २००८-०९ च्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण देताना ‘ध’, ‘नी’ म्हणत. ‘वरचा सा’ मिळाला की घरोघर टाळ्या. अंतिम पाच जणांत आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड होती. कार्तिकी जिंकली आणि घराघरांत दोन तट पडले. एका बाजूला आर्याचा घोटीव, शास्त्रीय वळणाचा गळा. दुसऱ्या बाजूला कार्तिकीचा गवळण-अभंगातला मोकळा, पहाडी आवाज. वाद गाण्याचा होता, तसाच शहर आणि गाव यांचाही होता. रोहित आपल्या भागातला म्हणून मराठवाड्यात त्याच्याकडे वेगळा ओढा होता, हे ओघानंच आलं.

इथपर्यंत निदान गाणं तरी मधे होतं. ‘बिग बॉस’मध्ये तेही उरलं नाही, तिथं मत थेट माणसावर द्यायचं. ६ ऑक्टोबर २०२४ ला मराठीच्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे माहीत झालेला सूरज चव्हाण विजेता ठरला आणि अभिजीत सावंत उपविजेता. ‘खेळ अभिजीतचा चांगला होता, पण पोरगं गरिबाचं आहे’ हा त्या वेळचा नेहमीचा युक्तिवाद. कलेची समीक्षा म्हणून तो लंगडा आहे. तरी या वेळी मत द्यायला एसएमएसचे पैसे मोजावे लागत नव्हते, फोनमधल्या अ‍ॅपवर बोट टेकवलं की काम झालं. त्यामुळे टपरीवरचं मत तिथूनच थेट निकालात जाऊन पडलं.