मूल कशाने गेले?

वैशाखात जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर जागोजाग धूर दिसतो. नागली-वरईच्या रोपांसाठी राब भाजण्याचे ते दिवस. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे, हे अनुमान आपल्याकडे शतकानुशतके शिकवले गेले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची आवृत्ती 1897 मध्ये मुंबईत निघाली, आणि तर्कशास्त्र शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर वाढल्या. त्या परंपरेचा कस मात्र उलट्या अनुमानात लागतो. आग आहे म्हणून धूर असेलच का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर व्हायला सरपण ओले लागते. या दडून राहिलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, ‘उपाधी’ म्हणतात. ती हुडकून काढल्याशिवाय अनुमान तपासले, असे ते मानत नाहीत.

जव्हार-मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून तीसहून अधिक वर्षे जो वाद चालला आहे, तो मला मुळात या उपाधीचाच वाद वाटतो. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरहून अधिक बालके दगावली आणि मुंबईपासून काही तासांवरच्या या पाड्यांचे नाव देशभर गेले. 2014 च्या 1 ऑगस्टला ठाण्यातून हे तालुके घेऊन पालघर हा वेगळा जिल्हा निघाला, आणि 2016 च्या सप्टेंबरात तिथल्या बालमृत्यूंवरून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली. दर वेळी प्रश्न तोच : मूल कुपोषणाने गेले की आजाराने? एक बाजू न्यूमोनिया, जुलाब, कमी वजनाचा जन्म ही नावे वाचून दाखवते, दुसरी भुकेकडे बोट दाखवते. मग दोन्हीकडचे आकडे एकमेकांवर फेकले जातात आणि विधिमंडळाचे अधिवेशन संपते.

प्रश्नातला हा ‘की’च मुळात चुकला आहे. गोवर, न्यूमोनिया किंवा जुलाब हे दुखणे मुंबईतल्या धडधाकट मुलालाही होते आणि बहुतेक वेळा ते बरे होते. दुखण्यावरून थेट मृत्यूचे अनुमान काढता येत नाही, मध्ये अट लागते. ओल्या सरपणाच्या जागी इथे खंगलेले शरीर आहे. दाखला अगदी काटेकोर बसत नाही, कारण सशक्त मूलही कधी न्यूमोनियाने जाते. पण सांख्यिकीच्या भाषेत तो नेमका मांडता येतो. 1995 मध्ये डेव्हिड पेलेटियर आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत 53 विकसनशील देशांचा हिशेब मांडला. तिथल्या बालमृत्यूंपैकी 56 टक्के मृत्यू, कुपोषणाने आजाराला दिलेल्या बळामुळे होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे : या मृत्यूंतले 83 टक्के सौम्य आणि मध्यम कुपोषित मुलांचे होते. हाडांचा सापळा झालेले, वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते मूल यांत अल्पसंख्य. जे ‘थोडेसे बारीक’ म्हणून नजरेतून सुटते, तेच संख्येने जास्त मरते. आपल्या सार्वजनिक चर्चेने हा निष्कर्ष अजून पचवलेला नाही.

तत्त्वज्ञांनी या गुंत्यावर बरेच काम केले आहे. जॉन मॅकी यांनी 1965 मध्ये दाखवले, की रोजच्या व्यवहारात आपण ज्याला कारण म्हणतो तो बहुधा एका पुरेशा जुळणीचा आवश्यक घटक असतो. एकटा तो पुरत नाही, आणि तसाच परिणाम दुसऱ्या जुळणीनेही घडू शकतो. 1976 मध्ये केनेथ रोथमन यांनी साथरोगशास्त्रात हाच विचार वर्तुळाच्या तुकड्यांनी समजावला. न्यूमोनिया एक तुकडा, कमी वजन दुसरा, पावसात तुटलेला रस्ता तिसरा. त्यातला कुठलाही एक काढला तरी ते वर्तुळ पुरे होत नाही. म्हणजे एकाच मृत्यूची दोन कारणे शंभर-शंभर टक्के खरी असू शकतात. वादात भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एवढे मान्य केले, तर निम्मे भांडण संपेल.

नैयायिकांचा इथे आणखी एक उपयोग आहे. मडक्याचे कारण सांगताना कुंभार, चाक, माती चालते. माती वाहून आणणारे गाढव त्या वेळी हजर असले तरी चालत नाही. अशा निव्वळ हजर गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. ‘मूल कुपोषित होते, पण गेले न्यूमोनियाने’ या वाक्यातला ‘पण’ कुपोषणाला गाढवाच्या जागी उभा करतो. पुरावा मात्र ते मातीच्या जागी असल्याचे सांगतो.

मग कारणांची साखळी तोडायची कुठे? तत्त्वज्ञ कॉलिंगवुड यांनी 1940 मध्ये दिलेले उत्तर मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते : ज्याच्या हातात जी कळ असते, त्याला ती कारण म्हणून दिसते. जव्हारच्या कुटीर रुग्णालयातल्या डॉक्टरला फुप्फुस दिसते, अंगणवाडीताईला वजनाचा तक्ता, तहसीलदाराला रोजगार हमीची न निघालेली कामे. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याला गप्प करायला वापरले की. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. ही कळ कोणाच्या हातात आहे, हे वैद्यकीय अहवालात सापडणार नाही.

शोध कसा घ्यावा, याचा लाडका नमुना म्हणजे व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाइस. कार्ल हेम्पेल यांनी 1966 च्या आपल्या छोट्या पुस्तकात तो वापरला, तेव्हापासून विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याला सुट्टी नाही. एकाच रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग, एकात मृत्यू जास्त, दुसऱ्यात कमी. एकेक तर्क घ्यायचा, खोडायचा, शेवटी 1847 मध्ये हात धुण्यापाशी पोहोचायचे. फक्त निसर्गाने असे दोन शेजारी विभाग क्वचितच मांडून ठेवलेले असतात. महाराष्ट्रात ते गडचिरोलीत मुद्दाम मांडले गेले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत प्रशिक्षित गावकरी बायांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि 47 गावांशी तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. विज्ञानाची इतकी नेटकी कसोटी आपल्या खेड्यांत क्वचितच लागली आहे.

तरीही ‘तिथे लागू पडले, मग इथे पडेलच’ हे पुन्हा उपाधी लपवणारे अनुमान आहे. नॅन्सी कार्टराइट आणि जेरेमी हार्डी यांनी 2012 च्या पुस्तकात दिलेले उदाहरण पाहा. तमिळनाडूत मातांना पोषणाचे शिक्षण आणि पूरक आहार देणारा प्रकल्प यशस्वी झाला. तोच बांगलादेशात फारसा चालला नाही, कारण तिथे बाजार पुरुष करत आणि ताटात काय पडायचे ते सासू ठरवी. शिकवलेल्या आईच्या हातात काहीच नव्हते. आता जव्हार-मोखाडा घ्या. इथे 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार मिळतो. योजना चांगलीच आहे. पण भात, नागली, वरई घरात आली आणि दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर, जेव्हा घरातले धान्य संपत आलेले असते आणि दुखणी सुरू होतात. अंगणवाडी पाड्यावर आहे आणि आई भट्टीवर. म्हणजे योजनेची उपाधी ‘आई गावात असणे’ ही आहे, आणि वर्षातले कित्येक महिने तीच पुरी होत नाही.

शोध घेणाऱ्याने स्वतःची फुटपट्टीही तपासायची असते. पूर्वी अंगणवाडीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या पहिल्या ते चौथ्या श्रेणीने वजन मोजत. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मानके आली, त्यानंतर सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) हे शब्द पाड्यापर्यंत पोहोचले. त्यांत वजन उंचीशी पडताळतात किंवा दंडाचा घेर पाहतात. तो साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर मूल सॅम. फुटपट्टी बदलली की त्याच पाड्यावरची ‘तीव्र’ मुले कमी-जास्त होतात, एकाही मुलाच्या पोटात घास न जाता. म्हणून दोन राजवटींचे आकडे शेजारी ठेवणाऱ्या भाषणाकडे मी संशयानेच पाहतो. मोजणीचाही तोच प्रकार. बंग यांच्या पुढाकाराने 2001 मध्ये निघालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले, की सरकारी नोंदीत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतात.

मराठीत या साऱ्या विचारासाठी जागा नव्हती असे नाही. दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये सुरू केलेला ‘नवा सुधारक’, म्हणजे पुढचा ‘आजचा सुधारक’, मे. पुं. रेगे यांचे ‘नवभारत’, पुणे विद्यापीठाचे ‘परामर्श’ यांतून तर्क आणि विज्ञानाची चर्चा वर्षानुवर्षे चालली. ती बहुतेक श्रद्धा, फलज्योतिष, ईश्वर यांभोवती फिरली, हे माझे गाऱ्हाणे. जॉन ड्यूई यांनी 1938 च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात शोधाची सुरुवात अडलेल्या, गोंधळलेल्या परिस्थितीपासून धरली. ते कोलंबियात आंबेडकरांचे शिक्षक होते. आपल्याकडे त्यांचे नाव त्या नात्याने निघते, त्यांच्या तर्कशास्त्रामुळे फारसे निघत नाही. मोखाड्यातले आरोग्य उपकेंद्र किंवा रेशन दुकान ही त्या शास्त्राची प्रयोगशाळा आहे, असे आमच्या तर्कपंडितांना क्वचितच वाटले.

एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना क्रमांक 4, दोन भागांत असते. पहिल्या भागात तात्कालिक कारण आणि त्यामागची कारणे, दुसऱ्यात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर अवस्था. कुपोषण लिहायला त्यात जागा आहे. नवा कायदा नको की नवी समिती नको. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, धारणी, धडगाव इथे काम करणाऱ्या डॉक्टरांना एवढीच विनंती : पाच वर्षांखालचे मूल गेले, की त्याचे शेवटचे वजन आणि दंडाचा घेर त्या कागदावर लिहा, आणि दुसरा भाग कोरा सोडू नका.