सातबाऱ्याची किल्ली कोणाकडे?

खरीप तोंडावर आला की हिंगणघाट, आर्वी, देवळी भागातील शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असतो. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला आणि उतारा घरबसल्या मिळण्याची सोय झाली. परंतु उतारा पाहता येणे वेगळे आणि त्यातील नोंद बदलता येणे वेगळे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराची नोंद गावचा तलाठी घेतो. संबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत मिळते आणि त्यानंतर साधारणतः मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. शिवाय तलाठ्याचा अधिकार त्याच्या सज्जापुरताच. कागदी दप्तराच्या काळात ही मर्यादा कपाटाचे कुलूप सांभाळत असे. संगणकात मात्र वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांच्या नोंदी एकाच तक्त्यात असू शकतात. मग कुलूप लावायचे कोठे?

यावरील एक उपाय म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारख्या कार्यप्रणालीतील वापरकर्त्यांचे गट. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र ओळख देऊन, समजा, सेलूच्या एखाद्या सज्जाच्या गटात घातले. तक्त्यातील प्रत्येक ओळीवर सज्जाचा संकेतांक असतो. मागणी येताच डेटाबेस गट तपासतो आणि जुळणाऱ्या ओळीच बदलू देतो. एसक्यूएल सर्व्हरला विंडोजचे गट थेट ओळखता येतात. ओळनिहाय निर्बंधाची सोय त्यात आणि पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली आली. तलाठ्याची बदली झाली की केवळ गट बदलायचा. डेटाबेसच्या नियमांना हात लावावा लागत नाही.

तथापि ही व्यवस्था अभेद्य नाही. विंडोजमध्ये गटातील बदल सहसा पुन्हा लॉग-इन केल्यावरच लागू होतो. म्हणून बदलीच्या दिवशी जुने सत्र बंद करणे आवश्यक ठरते. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याच्या मालकाला हे निर्बंध आपोआप लागू होत नाहीत. त्यामुळे व्यवस्थापकाच्याही हालचालींची नोंद त्याच्या हाती नसलेल्या ठिकाणी राहिली पाहिजे. आणि कार्यालयात एकच पासवर्ड चौघे वापरत असतील, तर नोंद कोणी बदलली हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.

सातबाऱ्यावरील एका चुकीच्या नावाने शेतकऱ्याचे कर्ज अडते, वारसांत वाद उभा राहतो. म्हणूनच गटांची यादी वेळोवेळी तपासणे हे दप्तर तपासणीइतकेच महत्त्वाचे महसुली काम मानले पाहिजे.