इंधन टाकीतील अतिरिक्त दाब : जुन्या मोटारीचे निदान आणि न मोजले जाणारे प्रदूषण

एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी पंधरा-वीस वर्षे जुनी पेट्रोल मोटार इंधन भरण्यासाठी पंपावर येते. टाकीचे झाकण अर्धवट फिरवताच आतून जोराचा फुसकारा बाहेर पडतो, पेट्रोलचा उग्र दर्प पसरतो आणि काही वेळा पेट्रोलचे थेंब कर्मचाऱ्याच्या हातावर उडतात. मालक मोटार गॅरेजमध्ये नेतो. तेथे पुष्कळदा झाकणाला बारीक छिद्र पाडले जाते किंवा टाकीकडून येणारी एक रबरी नळी काढून मोकळी सोडली जाते. दाब नाहीसा होतो, खर्च किरकोळ येतो आणि मालकाचे समाधान होते. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो. पुढे त्याची किंमत मालकाऐवजी त्या रस्त्यावर श्वास घेणारे इतर लोक चुकवतात.

अर्थशास्त्रात ज्यास ऋण बाह्यता म्हटले जाते, तिचे हे अगदी लहान, परंतु बोलके उदाहरण होय. अशी मोटार प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची, म्हणजेच पीयूसीची चाचणी विनासायास उत्तीर्ण होऊ शकते, कारण ती चाचणी धुराड्याच्या टोकाशी होते आणि पेट्रोलची वाफ तेथून बाहेर पडत नाही. हा प्रश्न समजून घेण्यासाठी प्रथम टाकीत दाब का निर्माण होतो आणि त्याचे निदान कसे करावे, हे पाहणे आवश्यक आहे.

दाब कशामुळे वाढतो?

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बन संयुगांचे मिश्रण असून त्यांपैकी हलकी संयुगे सामान्य तापमानालाच वाफ होऊन सुटतात. बंद टाकीचे तापमान 25 अंश सेल्सिअसवरून 45 अंशांवर गेले, तर आतील हवेचा दाब वायूंच्या नियमानुसार सुमारे 7 टक्के वाढतो. पेट्रोलच्या वाफेमुळे होणारी वाढ याच्या कितीतरी पट अधिक असते. म्हणूनच पूर्ण बंद टाकी ही कल्पनाच व्यवहार्य नाही; वाफेला वाट द्यावीच लागते. प्रश्न एवढाच की ती वाट कोठे जावी.

पूर्वीच्या मोटारींत ही वाट थेट हवेत जात असे. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या धुरक्याचा अभ्यास करताना 1950 च्या दशकाच्या प्रारंभी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हायड्रोकार्बनची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांची सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. पुढे कॅलिफोर्नियाने 1970 च्या मोटारींपासून आणि संपूर्ण अमेरिकेने 1971 पासून वाफ नियंत्रणाची सक्ती केली. त्यातून आलेली रचना आजही मूलतः तीच आहे. टाकीतील वाफ एका नळीने सक्रियित कोळशाच्या डब्यात जाते. यालाच मेकॅनिक मंडळी कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, डब्याच्या बाहेरच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. अशा रीतीने वाया जाणारे इंधनही उपयोगात येते.

या मार्गात टाकीच्या माथ्यावर गाडी उलटल्यास इंधन रोखणारी झडप असते, काही मोटारींत टाकी व डबा यांच्यामध्ये दुहेरी व्हॉल्व्ह असतो आणि झाकणात सुरक्षेसाठी दाब सोडणारी झडप असते. दुहेरी व्हॉल्व्ह थोडासा दाब मुद्दामच राखून ठेवतो. सबब, उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीचे झाकण उघडताना हलका फुसकारा ऐकू येणे हा दोष नव्हे.

निदानाचा क्रम

निदानाचा पहिला टप्पा कोणत्याही उपकरणाविना पार पडतो. झाकण सावकाश फिरवताना हवा बाहेर येते की आत ओढली जाते, हे पाहावे. हवा आत ओढली जात असेल, तर टाकीत निर्वात निर्माण झाला आहे; म्हणजे पेट्रोल वापरले जात असताना त्याच्या जागी हवा येऊ शकत नाही. दुपारी उभ्या मोटारीत दाब आणि लांबच्या प्रवासानंतर निर्वात, अशी दोन्ही लक्षणे एकाच मोटारीत आढळली, तर कॅनिस्टरचे हवेकडील तोंड बुजल्याचा संशय बळावतो. धूळ, चिखल आणि कीटकांनी केलेली घरटी ही त्याची नेहमीची कारणे होत. कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींत हा दोष आढळल्यास नवल नाही.

दुसरा टप्पा उष्णतेचा. टाकीजवळून जाणाऱ्या धुराड्याच्या नळीवरील पत्र्याचे संरक्षक आवरण गंजून गळून पडले असल्यास टाकी अकारण तापते. ज्या मोटारींत इंजिनाकडून उरलेले पेट्रोल परत टाकीत येते, तेथे ते तापूनच येते. टाकी सतत जवळपास रिकामी ठेवण्याची सवय असल्यास थोडे इंधन लवकर तापते आणि वाफेला जागाही अधिक मिळते. येथे दुरुस्ती पत्र्याच्या एका तुकड्याची किंवा सवयीची असते.

यानंतर गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसल्याची खात्री करून कॅनिस्टरला टाकीकडून येणारी नळी काढावी. टाकीत दाब साठलेला असताना ही नळी काढताच वाफ बाहेर पडली, तर नळी मोकळी असून अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. काहीच बाहेर पडले नाही, तर नळी दबलेली आहे, दुहेरी व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा टाकीवरील झडप चिकटली आहे. एका नळीच्या या चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. असे असूनही गॅरेजमध्ये प्रथम झाकण बदलले जाते, कारण ते हाताशी असते आणि बाजारात सहज मिळते. झाकणातील झडप अडकल्याने दाब प्रमाणाबाहेर वाढू शकतो हे खरे. परंतु ती झडप ही शेवटची तटबंदी आहे. तिच्यापर्यंत दाब पोहोचला, याचा अर्थ आधीची वाट बंद आहे.

कॅनिस्टर काढून हातात घेतल्यास पुष्कळ काही कळते. तो अपेक्षेपेक्षा जड लागला किंवा हलवल्यावर आत द्रव डुचमळला, तर त्यात द्रवरूप पेट्रोल शिरले आहे. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यानंतरही रक्कम पूर्ण आकड्यात आणण्यासाठी आणखी पेट्रोल भरण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तिचा हा परिणाम होय. कोळसा वाफेसाठी असतो. द्रवात भिजल्यावर तो निकामी होतो, कालांतराने त्याचा चुरा होतो आणि तो चुरा पर्ज व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. टाकीकडील तोंडातून हलक्या दाबाने हवा सोडल्यास ती हवेकडील तोंडातून विनाअडथळा बाहेर पडली पाहिजे.

पर्ज व्हॉल्व्हबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला, तर कोळसा भरून जातो आणि मोटारीभोवती पेट्रोलचा वास येऊ लागतो. परंतु हवेकडील तोंड उघडे असेपर्यंत टाकीत दाब साठत नाही. याउलट तो उघडा अडकला, तर पेट्रोल भरल्यावर इंजिन चालू होण्यास त्रास होतो आणि हवेचे तोंडही बुजलेले असल्यास टाकीत निर्वात तयार होतो. म्हणजे वास आणि दाब ही दोन भिन्न दोषांची लक्षणे आहेत. वीज जोडलेली नसताना या व्हॉल्व्हमधून हवा जाऊ नये आणि 12 व्होल्ट दिल्यावर टिक् असा आवाज होऊन ती जावी, एवढ्यावर त्याची परीक्षा होते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गॅरेजच्या तपासणी खड्ड्यात साचते. त्या खड्ड्यात उतरणारा कामगार सहसा वयाने लहान आणि शिकाऊ असतो. वाफेत बेंझिन असते. कर्करोगविषयक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. भारताच्या 2009 च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बेंझिनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, ती याच कारणास्तव.

इंधनाची बाजू

दाबाचा सर्व दोष मोटारीच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या दृष्टीने ब्युटेन हा स्वस्त आणि ऑक्टेन वाढवणारा घटक आहे. परंतु तो मिसळल्याने पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो. अमेरिकेत 1980 च्या दशकात हेच घडले. पेट्रोल अधिक बाष्पनशील झाले आणि मोटारींवरील यंत्रणा अपुरी पडू लागली. अखेर तेथील पर्यावरण संस्थेने 1989 पासून व अधिक कडकपणे 1992 पासून उन्हाळी पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा घातली. कारखान्याने वाचवलेला खर्च लाखो मोटारींच्या टाक्यांवर पडत होता. तो उगमापाशी थांबवणे स्वस्त पडते, हे तेथे मान्य झाले.

भारतात 2022 च्या जूनमध्ये 10 टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो. तथापि पेट्रोलमध्ये मर्यादित प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढतो. विद्यार्थ्यांना हा विरोधाभास चकित करतो, पण तो प्रयोगसिद्ध आहे. त्यामुळे मिश्रणासाठी वापरावयाचे मूळ पेट्रोल कमी बाष्पदाबाचे असावे लागते. शिवाय जुन्या मोटारींतील रबरी नळ्या व सीलबंद जोड इथेनॉलचा विचार करून बनवलेले नसल्यास ते फुगणे, मऊ होणे किंवा तडकणे संभवते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही साहित्याच्या सुसंगततेचा मुद्दा विचारात घेतलेला आहे. परकीय चलनाची बचत आणि ऊस उत्पादकांना मिळणारा आधार हे इथेनॉल धोरणाचे लाभ मोठे आहेत. जुन्या मोटारींच्या नळ्या बदलण्याचा खर्च त्यापुढे लहान असला, तरी तो ज्यांना करावा लागतो ते वेगळे लोक आहेत.

जे मोजले जात नाही

नव्या मोटारीच्या नमुन्यास मंजुरी देताना वाफेची चाचणी होते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत मोटार एका हवाबंद कक्षात ठेवतात आणि तिच्यातून सुटलेला एकूण हायड्रोकार्बन मोजतात. भारत स्टेज मानकांनुसार तो प्रत्येक चाचणीमागे 2 ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. मोटार रस्त्यावर आल्यानंतर मात्र ही मोजणी पुन्हा होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 115 अन्वये पेट्रोल मोटारीच्या पीयूसी तपासणीत इंजिन संथ चालू ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहिले जातात. टाकीकडून मोकळी सोडलेली नळी या यंत्राला दिसत नाही.

मोटारीतील संगणकही येथे फारसा उपयोगी पडत नाही. अमेरिकेत 1996 पासूनच्या प्रणाली वाफेच्या मार्गातील लहान गळतीही शोधतात. भारताने भारत स्टेज चारच्या काळात युरोपीय धाटणीची प्रणाली स्वीकारली. तीत पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत जोडणीवर लक्ष ठेवणे ही किमान अट होती. त्यामुळे नळी कापली किंवा कोळशाचा डबाच काढून टाकला, तरी विद्युत जोडणी शाबूत असेपर्यंत समोरचा दिवा लागेलच असे नाही.

याच्या जोडीला माहितीची विषमता आहे. मालकाला फुसकारा ऐकू येतो, वाफ दिसत नाही. मेकॅनिकला मोबदला मिळतो तो लक्षण घालवण्याचा. जुनी मोटार विकत घेणाऱ्यास तर डबा होता की नव्हता, हेही ठाऊक नसते. तिघांपैकी कोणीही अविवेकी वागत नाही आणि तरीही परिणाम वाईट होतो.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात वयाबरोबरच वाहनाच्या योग्यता तपासणीवर भर आहे आणि त्यासाठी स्वयंचलित केंद्रांची कल्पना आहे. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना तपासणी होतेच. कॅलिफोर्नियाने 2007 अखेरपासून 1976 ते 1995 दरम्यानच्या मोटारींसाठी कमी दाबाची वाफ चाचणी आवश्यक केली. तीत टाकी हलक्या दाबाने भरून तो दाब टिकतो का, एवढेच पाहिले जाते. छिद्र पाडलेले झाकण आणि मोकळी सोडलेली नळी अशा चाचणीत लपू शकत नाहीत.

दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे मोठ्या शहरांतील अधिक विक्रीच्या नव्या पंपांवर इंधन भरताना सुटणारी वाफ परत खेचून घेणारी यंत्रणा बसवण्यास सांगितले. तिचा खर्च इंधन विक्रेत्यांच्या साखळीत वाटला जातो. जुन्या मोटारीच्या टाकीची चाचणी लागू झाली, तर तिचे शुल्क एकट्या मालकावर पडेल, आणि पंधरा वर्षांची मोटार वापरणारा मालक बहुधा मध्यम किंवा अल्प उत्पन्न गटातील असेल. नळी, झाकण किंवा डब्याचे तोंड साफ करण्यासारख्या कमी खर्चाच्या दुरुस्तीनंतर पुनर्तपासणी विनाशुल्क ठेवण्याचा पर्याय त्यासाठी विचारात घेता येईल.