रानाने झाकलेली अजिंठ्याची लेणी
पडक्या वाड्याच्या भिंतीतून फुटलेला पिंपळ वरणगावकरांना नवा नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी फटीत पडते, मूळ जाड होत जाते आणि भिंत तडकते. कंबोडियातल्या ता प्रोह्म मंदिराला झाडांच्या मुळांनी असेच कवटाळले आहे. जळगावमार्गे गाठता येणारे अजिंठाही माणसांनी सोडल्यावर रानाने झाकून टाकले. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या चित्रावरच त्याने आपले नाव कोरले. काय म्हणावे! ते नाव आज माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसते, कारण तो साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता. तुमच्या भिंतीतला पिंपळ कोवळा असतानाच मुळासकट काढा. नुसता छाटला, तर पुन्हा फुटतो.