सर्वांत मोठा मल्ल कोण?

मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तेथील घोडेबाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस आम्ही पुष्कळदा न्याहाळला आहे. तो जनावराचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, दहा पावले चालवून चाल पाहतो आणि मगच भावाला तोंड फोडतो. पन्नास वर्षांपूर्वीचा अमुक घोडा याहून सरस होता, असे म्हणून तो सौदा मोडत नाही. पण हाच गृहस्थ संध्याकाळी चहाच्या दुकानात कुस्तीच्या गप्पांना बसला, की कधी न पाहिलेल्या गामाला आजच्या मल्लाशी लढवतो आणि निकालही स्वतःच देतो. ‘आते तसा पहेलवान कोठे शेतस?’ असे एकाने म्हटले, की दुसरा खाशाबा जाधवांचे नाव घेतो, तिसरा मारुती माने यांचे, आणि कोपऱ्यातला तरुण चाळीसगावकडच्या विजय चौधरींचे. रात्र सरते, वाद सरत नाही.

याचे कारण वाद घालणारे अजाण असतात, हे नव्हे. ‘मोठा’ या एका शब्दाने ते निरनिराळ्या गोष्टी बोलत असतात. एकाला विचारायचे असते, समोरासमोर उभे केले तर कोण कोणाला पाडील? दुसऱ्याच्या मनात असते, कोण कधीच पडला नाही? तिसऱ्याला म्हणायचे असते, काळाने जे दिले तेवढ्यावर कोण किती पुढे गेला?

यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत गोड आणि सर्वांत निरुपयोगी आहे. कारण कुस्ती कुस्तीत फरक आहे. गावच्या मातीतल्या दंगलीत वजनकाटा नसतो. जाणती माणसे अंगकाठी पाहून जोड लावतात. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती निकाली. नाही टेकले तर बरोबरीत सोडवायची. गादीवर मात्र वजनगट आहेत, तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आहेत, आणि पाठ न लावताही गुणांवर कुस्ती मारता येते. दहा गुणांची आघाडी झाली, की पंच लढत तेथेच थांबवतात. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता अखेरीस एकमेकांसमोर उभे राहतात. ही तडजोड आहे. पण कोणती कुस्ती खरी, हे कोणालाच ठरवता आले नाही, याची ती कबुलीही आहे.

गामाचेच पाहा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला त्याची गाठ पोलंडच्या झ्बिस्कोशी पडली. झ्बिस्को वजनाने चांगलाच भारी. तरी गामाने त्याला प्रारंभीच खाली घेतले. पण झ्बिस्कोने गादी अशी धरली, की सुमारे अडीच तास खटपट करूनही त्याची पाठ लागेना. कुस्ती अनिर्णित राहिली. पुन्हा लढण्याचा दिवस ठरला, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. आता आजचे नियम लावा. लंडनला खाली घेतल्याचे दोन गुण गामाला लगेच मिळाले असते, नुसता गादी धरून राहणाऱ्याला पंचांनी पुन्हा उभे केले असते, आणि सहा मिनिटांत गामा गुणांवर जिंकला असता, असा आमचा कयास आहे. म्हणजे मल्ल तेच, कुस्ती तीच, आणि निकाल मात्र नियमांच्या हाती! पतियाळाची कुस्ती झाली तेव्हा दोघेही पन्नाशीला टेकले होते, हेही मोजताना विसरून चालत नाही.

मुष्टियुद्धाच्या शौकिनांजवळ तर वजनगट आहेत, फेऱ्यांच्या नोंदी आहेत, चित्रफिती आहेत. त्यांचा तरी वाद मिटावा? रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला आणि एकही न हरता निवृत्त झाला. महंमद अली त्याच्या पुढच्या पिढीचा. दोघांत श्रेष्ठ कोण, हे ठरवण्यासाठी १९६९ साली संगणकाला आकडे पुरवण्यात आले आणि दोघांना रिंगणात उतरवून लुटुपुटीच्या लढतीचे चित्रीकरण झाले. शेवट मात्र निरनिराळे चित्रित करून ठेवले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रगृहांत मार्सियानोने अलीला तेराव्या फेरीत लोळवले. इंग्लंडात दाखवलेल्या शेवटात अली जिंकला. बिचारा मार्सियानो तोवर विमान अपघातात गेला होता. प्रेक्षक कोणत्या देशात बसला आहे, यावर निकाल ठरणार असेल, तर आपले चहाचे दुकान काय वाईट?

किताब मोजावे, तर तेथेही घोटाळा. विजय चौधरींनी २०१४ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, याचा आम्हां खानदेशकरांना अभिमान आहे. पण त्याआधीची सलग तीन वर्षे नरसिंग यादवांची होती. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तर महाराष्ट्र केसरी दोन ठिकाणी झाली. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला तोच शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी ठरला.

म्हणून आमचा कल तिसऱ्या प्रश्नाकडे आहे, आणि त्याच्या उत्तरात आम्ही खाशाबांचे नाव घेतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला तो गादीवर उतरला, तेव्हा सहावा आला. चारच वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. परकी गादी आणि परके नियम चार वर्षांत आत्मसात करणे, ही आमच्या लेखी अडीच तासांच्या झुंजीहून मोठी कुस्ती आहे.

आम्ही हे मत एकदा मोठ्या आवेशाने मांडले. बाकावरच्या एका वृद्ध वस्तादांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, बशीतला चहा संपवला आणि विचारले, “ते सगळं खरं, भाऊ. पण सत्तावन्न किलोच्या माणसाची आमच्या आखाड्यात जोड कोणाशी लावायची?”