मॅनेज्ड डेटाबेस घेतला म्हणजे सुटलो?

पॅच लावणं, डिस्क वाढवणं, रात्री-अपरात्री सर्व्हर उठवणं ही कटकट मॅनेज्ड डेटाबेसवाला अंगावर घेतो, हे खरं. पण डेटाची जबाबदारीही त्याच्या गळ्यात गेली, असं समजून निर्धास्त झोपणारे बरेच आहेत.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘स्टँडबाय आहे, मग बॅकअपची काय चिंता?’ ॲमेझॉनच्या आरडीएस या मॅनेज्ड डेटाबेस सेवेत ‘मल्टी-एझेड’ घेतलं की वेगळ्या ठिकाणी हुबेहूब प्रत, म्हणजे स्टँडबाय, तयार राहते. मुख्य मशीन बसलं, तर ती साधारण एक-दोन मिनिटांत कामाला लागते. पण कुणी डिलीटची क्वेरी ‘व्हेअर’शिवाय चालवली, तर तो घोळही तितक्याच इमानदारीनं तिकडे पोचतो! तिथं बॅकअपच लागतो. आपोआप होणारा बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस राहतो. आणि ‘दुपारी दोनच्या स्थितीला ने’ म्हटलं, तर चालू डेटाबेस मागे जात नाही. नवा उभा राहतो, ॲप त्याला जोडायचं काम आपलंच.

बॅकअप ‘ऑन’ आहे, एवढ्यावर विसंबूही नये. कोड ठेवण्याची सेवा देणारी गिटलॅब आपला पोस्टग्रेस डेटाबेस स्वतःच चालवत होती. 31 जानेवारी 2017 ला तिथं मुख्य सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. मग कळलं, की आवृत्ती न जुळल्यानं रोजचा बॅकअप गुपचूप फेल होत होता. सुमारे सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटनं वाचवलं. तेव्हा कोणाकडूनही डेटाबेस घ्या, रिस्टोअर करून बघा आणि किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा.

‘सर्व्हर कुठं का असेना’ हेही चुकीचं. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2018 मध्ये सांगितलं. मुंबई रीजन निवडून बॅकअपची प्रत सिंगापूरला पाठवली, तर मूळ हेतूच फसतो. दुसरी प्रत ठेवायला आता ॲमेझॉनचं हैदराबाद रीजनही आहे.

‘पोस्टग्रेसच आहे, कधीही हलवू’ हे अर्धसत्य. आरडीएसवर खरा सुपरयूझर मिळत नाही, एक्स्टेन्शन्सही ठरावीकच; शिवाय डेटा बाहेर काढायचे पैसेही पडू शकतात.

फुकट प्लॅनवर तर फारच भोळा विश्वास दिसतो. प्लॅनेटस्केल या मॅनेज्ड डेटाबेसवाल्या कंपनीनं आपला फुकट प्लॅन एप्रिल 2024 मध्ये बंद केला. ज्यांचे छोटे प्रोजेक्ट तिथं होते, त्यांना पैसे भरा किंवा बाडबिस्तरा गुंडाळा, एवढंच उरलं.